बोरूत बसलेला नवरा

रोहेलिओ कांतूच्या बायकोला सरकारने सीमेवर पाठवलं, आणि ती सीमा त्याच्या घराच्या गच्चीवरून दिसत होती. इतरांच्या बायका लांब जातात, समुद्रापलीकडे जातात, तिथून फोन करून रडतात. नेरेइदा गेली ती गावाच्या वेशीवरच्या मोटेलात. संध्याकाळी त्या मोटेलची लाल पाटी लागली की ती रोहेलिओला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची. बायको दुसऱ्या खंडात असती तर माणसाने मनाची समजूत घातली असती. पाटीखाली असलेल्या बायकोचं काय करायचं, हे कुणी शिकवत नाही.

नियमच तसा होता. तुकडीतल्या सगळ्यांनी एकत्र राहायचं, घर शेजारी असो की हजार मैलांवर. रविवार तेवढा सुट्टीचा.

नेरेइदा राखीव दलात होती ती लग्नाच्या आधीपासून. महिन्यातला एक शनिवार-रविवार वर्दी घालून कवायतीला जायचं आणि बाकीचे दिवस शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांच्या ताटात घेवड्याची उसळ वाढायची. रोहेलिओला त्या वर्दीचं कधी काही वाटलं नव्हतं. कवायतीहून ती थकून यायची, बूट दारात फेकायची, आणि तो ते उचलून ठेवायचा. मग वरून हुकूम आला. पलीकडच्या देशातून नदी ओलांडून चोरून येणारे फार झालेत, सीमेच्या गस्तीला माणसं पुरत नाहीत, तेव्हा राखीव दलाने मदत करावी. मदत म्हणजे काय, तर नदीकाठच्या मातीच्या बांधावर ट्रक लावायचा, ट्रकच्या टपावर उंच दांडा, दांड्यावर कॅमेरा, आणि आत पडद्यावर बघत बसायचं. कुणी दिसलं की रेडिओवरून गस्तीला कळवायचं. पकडायचं नाही, हात लावायचा नाही. पकडणं हे हिरव्या वर्दीतल्या गस्तवाल्यांचं काम.

हे ऐकून रोहेलिओ पहिल्यांदा हसला होता. "म्हणजे बसून राहायचं आणि चहाड्या करायच्या? हे तर माझी आई घरबसल्या फुकटात करते."

नेरेइदाही हसली होती. ट्रकमध्ये दोघं बसतात, हे तिने नंतर सांगितलं.

दुसऱ्याचं नाव थॅकर. टेक्ससच्या पार उत्तरेकडचा, लबकचा. घरी असताना लोकांच्या दिवाणखान्यांत गालिचे ठोकून द्यायचा धंदा. लांबरुंद, मानेपर्यंत लालबुंद, आणि आमच्याकडच्या वेड्या बाभळींना फुलं आली की सटासट शिंकणारा. यात हेवा करण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं असतं तर रोहेलिओला सांगता आलं नसतं. पण सकाळी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत त्याची बायको एका परक्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून बंद काचांच्या आत बसते, आणि वर तिला त्याचा पगार मिळतो, एवढं त्याला पुरेसं होतं.

मग सुरू झालं 'थॅकर म्हणतो'. फोनवर रोज. थॅकर म्हणतो इथली कॉफी पाणचट आहे. थॅकर म्हणतो कापसाला यंदा भाव नाही. थॅकर म्हणतो पपनस मीठ लावून खावं. पपनस आमच्या खोऱ्यातलं, मीठ आमच्या डब्यातलं, आणि अक्कल मात्र थॅकरची, असं रोहेलिओच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं आणि विचारलं, "आणखी काय म्हणतो?"

एका रविवारी ती धुवायचे कपडे घेऊन आली. वर्दीच्या खिशात त्याला सूर्यफुलाच्या बियांची टरफलं सापडली. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याने नेरेइदाला सूर्यफुलाच्या बिया खाताना पाहिलं नव्हतं.

"हे काय?"

"बिया. थॅकर आणतो. वेळ जात नाही ना तिथे."

"एकाच पिशवीतून खाता?"

"नाही, त्याची वेगळी आहे, चंदेरी," ती म्हणाली आणि आंघोळीला निघून गेली. रोहेलिओ टरफलं तळहातावर घेऊन बराच वेळ उभा राहिला. त्याने ती मोजली नाहीत, एवढीच त्याची इज्जत राहिली.

मग तिने त्या थॅकरला जेवायलाच आणलं. आमच्याकडे रविवारी अंगणात मांस भाजायचं म्हणजे भाजायचं, आणि दाराशी आलेल्याला ताट न देता परत पाठवायचं नसतं, त्यामुळे रोहेलिओला चिमटा हातात घेऊन हसतमुखाने निखाऱ्यासमोर उभं राहावं लागलं. थॅकरने आतडी खाल्ली. उत्तरेकडची गोरी माणसं आतड्यांकडे बघून तोंड वाकडं करतात, याने तीनदा मागून घेतली. रोहेलिओची आई, गावाची मानाची 'दोन्या' एउफेमिया, जिला सख्ख्या सुनेच्या हातची भाकरी कधी मऊ लागली नाही, ती त्याच्या ताटात वाढत म्हणाली, "खा रे बाळा, आई लांब आहे तुझी." थॅकरला तिच्या स्पॅनिशमधलं अक्षर कळलं नाही. त्याने नुसती मान हलवली आणि खाल्लं. म्हातारी विरघळली.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण हात धुवायला आत गेलेला थॅकर बाहेरच येईना. रोहेलिओ बघायला गेला तर हा गडी दारातल्या बोळात गुडघ्यावर. तिथल्या गालिच्याची एक कड कित्येक वर्षं उचललेली होती. नेरेइदा येता-जाता तिला अडखळायची, शिवी द्यायची, आणि रोहेलिओ म्हणायचा, "करतो या आठवड्यात." थॅकरने खिशातली सुरी काढली, कड कापली, पट्टी सारली, टाचेने दोन दणके दिले. झालं. नेरेइदा त्यावरून एकदा पुढे गेली, एकदा मागे आली. मग ती हसली. ते हसू रोहेलिओने लग्नाच्या फोटोत पाहिलं होतं, त्यानंतर बहुतेक नाही.

आणि त्याच रात्री, भांडी घासताना, आई म्हणाली, "ती बाई कशी बिचारी हातात बूट घेऊन आली असेल रे."

"कोण बाई?"

"नदीतून आलेली. थॅकरने सांगितलं, नेरेइदाने मला समजावून दिलं. ओले बूट हातात, कडेवर पोर. ट्रकसमोर येऊन बसली बांधावर आणि यांच्याकडे बघत राहिली. यांना खाली उतरून बोलायचीही बंदी. गस्त येईपर्यंत नुसतं काचेतून बघत बसायचं. नेरेइदाला दोन दिवस जेवण गेलं नाही म्हणे."

रोहेलिओने लगेच मोटेलात फोन लावला. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगत होते," नेरेइदा म्हणाली. "त्याच संध्याकाळी. मी म्हटलं, आज एक बाई आली. तू विचारलंस, तेव्हा ट्रकमध्ये कोण होतं."

त्याला हे आठवेना. पण तो असं म्हणाला असणार, हे त्याला पटलं, आणि त्याचाही राग त्याने थॅकरवरच काढला.

आता मुद्द्याचं. नेरेइदाची मुदत महिनाअखेरीस संपत होती. ती घरी येणार, पुन्हा शाळेत उसळ वाढणार, रोहेलिओ दिवस मोजत होता. मंगळवारी तिचा फोन आला. कॅप्टनने विचारलं होतं, आणखी वर्षभर राहतेस का? सोमवारी सकाळी उत्तर द्यायचं होतं.

"तू काय म्हणालीस?"

"विचार करते म्हटलं. रविवारी घरी येते तेव्हा बोलू."

"यात विचार कसला?" असं म्हणायचं होतं. तो म्हणाला, "थॅकर राहतोय का?"



"तू हे का विचारतोस?"

"सहज."

"रविवारी बोलू," ती म्हणाली. फोन ठेवला.

रोहेलिओ हा पाटकरी होता. नदीचं पाणी पंपाने कालव्यात चढतं आणि तिथून उसाला, कांद्याला, पपनसाच्या बागांना जातं. कुणाला किती आणि कधी हे पाणीवाटप कचेरी ठरवते, आणि झडपा फिरवायला रोहेलिओ. कचेरीचा पांढरा पिकअप, टपावर पिवळा दिवा, अंगात नारिंगी जाकीट. बांधावरची सगळी फाटकं त्याच्या किल्लीने उघडायची. गस्तवाले त्याला हात करायचे, राखीव दलाची पोरंही करायची. बायकोच्या ट्रकपुढून तो दिवसातून दोन-तीनदा जाई. ती हात वर करायची, तोही करायचा, बाजूचा थॅकर तर दोन्ही हात करायचा. कामावर असताना थांबून गप्पा मारायच्या नाहीत, असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

शुक्रवारी सकाळी तो असाच ट्रकपुढून गेला, हात झाले, आणि पुढच्या वळणावर त्याच्या डोक्यात आलं की हा पिकअप तर मैलावरून दिसतो. पिवळा दिवा बघून दोघं सावरून बसत असतील. मी बघतो ते त्यांनी मला दाखवायला ठेवलेलं. मी नसताना काय चालतं?

एकदा हे डोक्यात आल्यावर माणूस कामाचा राहत नाही. रोहेलिओने पिकअप पंपघरामागे लावला. नारिंगी जाकीट काढून सीटवर टाकलं, पाकीट टोचतं म्हणून तेही कप्प्यात ठेवलं. नदीकाठच्या माणूसभर उंच बोरूच्या रानात जमीन ओली असते, बसायला काहीतरी हवं, म्हणून कचऱ्याची एक काळी पिशवी घेतली. मग चर ओलांडून, गुडघ्यापर्यंत भिजून, तो नदीच्या अंगाने बोरूत शिरला आणि वाकून, थांबत थांबत, ट्रकच्या दिशेने निघाला.

आता बघा. हा माणूस याच काठावर जन्मला, वाढला. नदी ओलांडून आलेला माणूस कसा दिसतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पँट ओली, खिशात कागद नाही, आणि हातात काळी प्लास्टिकची पिशवी, कारण कोरडे कपडे त्यातूनच आणतात. रोहेलिओने स्वतः अशा पिशव्या झडपांमध्ये अडकलेल्या शेकड्यांनी काढल्या होत्या. पण मत्सराने पछाडलेल्याला आपण सोडून बाकी सगळे दिसतात. पिकअपमध्ये तो रोहेलिओ कांतू होता. पिकअप सोडून बोरूत वाकलेला तो कुणीही होता.

ट्रक दिसेल अशा जागी तो पिशवी पसरून बसला. काचा वर, इंजिन चालू, आत थंड हवा. आवाज एकही येत नव्हता. पण दिसत होतं, स्वच्छ.

नेरेइदा बोलत होती.

तो मिठी बघायला आला होता, निदान हातात हात. तसलं काही नव्हतं. दोघांच्या मध्ये रेडिओ, बियांच्या दोन पिशव्या, थर्मास. थॅकर पडद्याकडे बघत होता आणि नेरेइदा बोलत होती, हातवारे करत, भुवया उडवत, मध्येच सीटवर अर्धी वळून. घरी जेवताना तिच्या तोंडून चार वाक्यं निघाली तर ती महिनाअखेरच्या बिलांची. इतकं बोलणारी बाई त्याच्या घरात राहत होती, आणि त्याला पत्ता नव्हता. त्याला वाटलं, मिठी मारली असती तर परवडलं असतं. मिठीवरून भांडता येतं.

मग तिने नक्कल सुरू केली. गाल फुगवले. दोन्ही हातांनी कमरेची न दिसणारी पँट वर ओढली. खांदे पाडून बसल्या बसल्या डुलत चालल्यासारखं केलं, थांबली, न दिसणारा रुमाल काढला आणि मान पुसली, आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग रुमालाकडे बघितलं. थॅकरने पडद्याकडे बघितलं आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. त्याची पाठ गदगदत होती.

रोहेलिओच्या हातात रुमाल होता. त्याने आत्ताच मान पुसली होती.

हा मीच, हे त्याला कळलं आणि त्याच्या अंगाची लाही लाही झाली. आपल्या घरातलं, आपल्या अंगावरचं, मान पुसण्यापर्यंतचं सगळं ही त्या गालिचेवाल्याला विकते आहे, बियांच्या बदल्यात. त्याला उठावंसं वाटलं, ट्रकचं दार उघडावंसं वाटलं. पण उठून म्हणणार काय? मी बोरूत बसून बघत होतो? तो बसूनच राहिला. रडू येईल की काय अशी त्याला भीती वाटली.

आत नेरेइदाचं हसणं थांबलं होतं. ती पडद्याकडे बघत राहिली, बराच वेळ, हालचाल न करता. थॅकर तिला काहीतरी सांगत होता. तिने मान हलवली. पुन्हा थोडा वेळ गेला. मग तिने रेडिओ तोंडाशी धरला.

गस्तीची गाडी आली ती मागून. "ए, उठ! हात दिसू दे!"

आणि रोहेलिओ कांतू, याच जिल्ह्यात जन्मलेला, कर भरणारा, पाणीवाटप कचेरीचा कायम नोकर, पळाला. का पळाला हे त्याला आजही सांगता येत नाही. काळी पिशवी हातात तशीच, बोरू तोंडावर फटकत, तो पळाला आणि चरात पालथा पडला. पाठीवर गुडघा बसला. मग गुडघा हलका झाला.

"कोंपाद्रे?"

तो इस्माएल होता. रोहेलिओचा शाळेपासूनचा मित्र, सीमा गस्तीतला, आणि रोहेलिओच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर धरणारा. आमच्याकडे ते कोंपाद्रेचं नातं रक्ताच्या वरचं. त्या दिवसापासून दोघांमधलं अरे-तुरे बंद होतं आणि एकमेकांना अहो-जाहो करायचं असतं, मग लहानपणी एकाच डबक्यात नागडे पोहले असाल तरीही. इस्माएलने ते नेमाने पाळलं होतं. त्या सकाळी मात्र तो म्हणाला, "गाढवा, तू इथे काय करतोयस?"

"झडप बघत होतो."

"बोरूत?"

रोहेलिओ चिखलात उठून बसला. इस्माएलने ट्रककडे बघितलं, मग काळ्या पिशवीकडे, मग त्याच्या तोंडाकडे, आणि सगळं त्याच्या ध्यानात आलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

"पायाने चालत, ओली पँट घालून, हातात पिशवी घेऊन," इस्माएल म्हणाला. "माझ्या जागी एखादा नवीन पोरगा असता तर? कालच एकजण बाहेरून आलाय, त्याला नदी कुठल्या बाजूला वाहते तेही माहीत नाही. तुला बेड्या घालून बसमध्ये बसवलं असतं आणि तुझ्या बायकोलाच तुला सोडवायला यावं लागलं असतं."

"इस्माएल, हे तिला कळू देऊ नकोस. डुक्कर होतं म्हण. रानडुक्कर."

"डुकराच्या हातात पिशवी होती असं सांगू?"

रेडिओ खरखरला. काय सापडलं, ते कळवा. इस्माएलने बटण दाबलं. "काही नाही. पाटकरी आहे. झडप बघत होता."

मग नेरेइदाचा आवाज आला. "समजलं."

एवढंच. इस्माएलने त्याला गाडीत बसवून पंपघरापाशी सोडलं. वाट ट्रकच्या पुढूनच जात होती. रोहेलिओ बुटाची नाडी बांधायला खाली वाकला आणि ट्रक मागे पडेपर्यंत बांधत राहिला.

उतरताना इस्माएल म्हणाला, "कोंपाद्रे, तुम्ही घरी जाऊन आंघोळ करा." पुन्हा अहो-जाहोवर आला होता. रोहेलिओला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

शनिवारभर तो ते 'समजलं' मनात घोळवत राहिला. तिला माहीत होतं का? पडद्यावर माणूस मुंगीएवढा दिसत असेल. पाटकरी म्हटल्यावर कळलं असेल का? पाटकरी आणखीही आहेत. आवाज रागाचा होता का? रेडिओवर सगळेच आवाज पत्र्याचे लागतात. मध्येच त्याला थॅकरची गदगदणारी पाठ आठवे आणि आपण चरात पडलो होतो हे तो विसरून जाई, पुन्हा संताप येई.

रविवारी सकाळी नेरेइदा आली. आई मुलीला घेऊन चर्चला गेली होती. रोहेलिओने पहाटेच जाऊन रांगेत उभं राहून वाफवलेलं मुंडीचं मांस आणलं होतं, मक्याच्या गरम तोर्तिया फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या, कांदा-कोथिंबीर चिरली होती. नेरेइदाने बॅग खुर्चीशेजारी ठेवली आणि जेवायला बसली. दोघांनी खाल्लं. शेवटी तिने हात पुसले.

"तुझ्या मानेला काय झालं?"

"बोरूने कापलं."

"झडप बघताना?"

रोहेलिओने मान खाली घातली. "तू ओळखलंस कधी?"

"पंपघरामागे गाडी लावलीस तेव्हा."

"तो कॅमेरा पंपघरापर्यंत बघतो?"

"तो पलीकडच्या गावातल्या चर्चचं घड्याळ वाचतो, रोहेलिओ. जाकीट काढताना दिसलास. पिशवी घेताना दिसलास. मी थॅकरला म्हटलं, हा माझा नवरा. तो म्हणाला, एवढ्या लांबून कशावरून? म्हटलं, थांब, आता बघ. आता पँट वर ओढेल, आता मान पुसेल, आधी डावीकडून. आणि तू पुसलीस."

खुर्चीतल्या खुर्चीत रोहेलिओ लहान झाला. तो त्यांना बघत होता असं त्याला वाटत होतं. ते त्याला बघत होते, पहिल्या पावलापासून, बिया खात.

"तू हसत होतीस," तो म्हणाला.

"हसत होते. वाटलं, आला हा मला भेटायला. नियम मोडून, मागच्या बाजूने, काहीतरी चावटपणा करायला. लग्नाआधी यायचास तसा. थर्मासमध्ये कॉफी होती, थॅकर म्हणाला मी खाली उतरून सिगरेट ओढतो, तुम्ही बोला." तिने फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. "मग तू त्या पिशवीवर बसूनच राहिलास. बघत. तेव्हा कळलं मला, तू कशाला आलायस."

"मग रेडिओ का घेतलास? थॅकर काय म्हणत होता?"

"तो म्हणत होता, सोडून दे, घरचा माणूस आहे. मी वाट बघितली. म्हटलं, उठेल. येईल, काच वाजवेल, चार शिव्या देईल, चालेल. तू ताठ चालत आला असतास तर माझा नवरा आलाय, एवढंच मी कळवलं असतं. तू उठला नाहीस. वाकून, लपून जो येतो त्याची खबर द्यायची, हे माझं काम आहे. त्या बाईची दिली होती, पोर कडेवर असलेलीची. तुझी का नाही देणार?"

हे ती रागाने बोलली नाही. रोहेलिओने कॉफी ओतली, तिच्या कपात दोन चमचे साखर घातली, ढवळली. तिने ते होऊ दिलं.

"पाठ मोडते त्या ट्रकमध्ये," ती थोड्या वेळाने म्हणाली. आवाज बदलला होता. "दिवसभर नदी बघायची. डोळे मिटले तरी नदी. आणि कुणी दिसलं की वाटतं, न दिसता तर बरं. मोटेलची गादी तर विचारू नकोस." तिने टेबलावरून हात पुढे केला आणि त्याच्या मनगटाशी ठेवला, बोरूने कापलेल्या जागेपाशी. "कॅप्टनला मी अजून काही सांगितलेलं नाही. थॅकरही उद्या चाललाय घरी. त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत, त्याने केव्हाच नाही म्हणून टाकलं होतं. तू फोनवर विचारलंस त्याच्या आधी."

रोहेलिओच्या छातीवरून दगड उतरला. थॅकर चालला. लबकला, बायकोकडे, गालिच्यांकडे. इतके आठवडे ज्याच्यावर तो जळत होता त्याला घरची ओढ लागली होती, आणि इथे नेरेइदाचा हात त्याच्या मनगटावर होता. काय बोलायचं हे त्याने शनिवारी पिकअपमध्ये मोठ्याने म्हणून बघितलं होतं. घरी ये. चुकलो. ते बाईचं मला पुन्हा सांग, मी ऐकतो. तिन्ही वाक्यं तोंडाशी तयार होती. ती वाट बघत होती, हे त्याला दिसत होतं.

"मग त्याच्या जागी कोण येणार?" तो म्हणाला.

शब्द बाहेर पडले आणि त्याला स्वतःलाच ऐकू आले. नेरेइदा त्याच्याकडे बघत राहिली, पडद्याकडे बघत होती तशी, हालचाल न करता. मग तिने हात मागे घेतला.

"अजून ठरलं नाही," ती म्हणाली. "कळलं की सांगते."

"नेरे, मी तसं नाही..."

"उद्या कॅप्टनला हो म्हणून सांगते. एक वर्षाचंच आहे." तिने उरलेल्या तोर्तिया फडक्यात नीट गुंडाळल्या, त्याच्यासाठी झाकून ठेवल्या. "आईंना सांग, लेकीला दुपारी मोटेलवर पाठवा, पोहायला. तिथे तलाव आहे."

तिने बॅग उचलली. रोहेलिओ उठून तिच्या मागे बोळापर्यंत आला. कित्येक वर्षं या बोळात ती गालिच्याच्या कडेला अडखळायची, भिंतीला हात टेकून थांबायची, मागे वळून त्याला शिवी द्यायची. तो तिथेच उभा राहून वाट बघत होता. गालिचा सपाट होता. ती सरळ चालत दारापर्यंत गेली आणि बाहेर पडली.